रिकामी वाटी

१

प्रेस शॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला शांततेचं कौतुक सांगू नये. मला ती कंपनीने फुकट दिली. वाळूजच्या कारखान्यात पत्र्यावर दणके घालणाऱ्या मशीनशेजारी मी निवृत्त होईपर्यंत उभा राहिलो आणि तेवढ्या काळात माझ्या कानांतून बारीक आवाज एकेक करून निघून गेले. जाडेभरडे आवाज अजून येतात. ट्रक येतो, ढोल येतो, शेजारच्या कडुबाचा गळा तर येतोच येतो. पण पाखरं, दाराची बेल, चहात फिरणारा चमचा यांच्याशी माझा संबंध संपला. बायकांचं बोलणं मी अर्धं ऐकतो आणि अर्धं ओठांवरून वाचतो. ओठ वाचण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही. शॉपमध्ये आम्ही सगळे तसंच बोलायचो.

आशा, म्हणजे माझी बायको, गेल्यावर बजाजनगरच्या आमच्या रो-हाउसमध्ये मी आणि चिंधी एवढेच उरलो. चिंधी ही आमची मांजर. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे तुकडे जोडल्यासारखी दिसते म्हणून आशाने तिला हे नाव ठेवलं. आता ती म्हातारी झाली होती, मीही झालो होतो, आणि आमचं बरं चाललं होतं. दुपारी जेवण, मग माझी बीपीची गोळी, मग मी दिवाणावर आणि चिंधी माझ्या पोटावर. यात कधी बदल होत नसे.

त्या दुपारी मी स्ट्रिपमधून गोळी काढत होतो आणि चिंधी टेबलाजवळ बसली होती. एकाएकी तिचा जबडा थरथरायला लागला. मला वाटलं, घशात काटा अडकला. तेवढ्यात ती कुशीवर आदळली आणि चारही पाय झाडू लागली, जागच्या जागी पळावं तसे. तोंडातून लाळ आली, खाली ओलं झालं. डोळे सताड उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. मी ओरडलो असणार, कारण कडुबा अर्ध्या जेवणावरून उठून आला.

"मिरगी हाय ही," तो म्हणाला. "चप्पल हुंगवा, काकासाहेब. आमच्या पिशोरला माणसाला बी हुंगवतेत."

आणि माझी वाट न बघता त्याने आपल्याच पायातली चप्पल तिच्या नाकाशी धरली. मी दातखीळ सोडवायला स्टीलचा चमचा आणायला धावलो आणि घाईत तो फरशीवर पाडला. चिंधी एव्हाना शांत होत आली होती. चमचा पडला आणि ती पुन्हा पहिल्यापासून झटके देऊ लागली. चमचा पडलेला मला दिसला, ऐकू आला नाही. त्यामुळे त्यातून मी काहीच अर्थ काढला नाही. कडुबाला मात्र ते आपल्या चपलेमुळेच झालं असं वाटलं असावं; त्याने ती पुन्हा पायात घातली आणि खाली मान घालून बसला.

२

गारखेड्यात प्राण्यांच्या डॉक्टर आहेत, हिमानी मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी ऐकण्यात कच्चा आहे हे कळल्यावर त्या माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

"चप्पल हुंगवायची नाही, कांदा फोडायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही," त्यांनी सांगितलं. "फिट येईल तेव्हा तिला दाबून धरू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, खोलीत अंधार करा आणि थांबा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकामागून एक यायला लागल्या, तर मात्र जशी आहे तशी उचलून इथे आणा. त्यात जीव जाऊ शकतो."

रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. मेंदूचाच आजार आहे, गोळी रोज ठरल्या वेळेला द्यायची, मनाने बंद करायची नाही, असं ठरलं. मी निमूटपणे सगळं केलं. आणि गोळी सुरू झाल्यापासून चिंधीला गोळीच्याच वेळेला फिट येऊ लागली.

मी चिडून परत गेलो. गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर आपटली आणि म्हणालो, "मॅडम, औषधानेच येतेय तिला."

मॅडमनी टेबलावरची स्ट्रिप उचलली. चिंधी बास्केटमध्ये बसून होती. त्यांनी तिच्या मागे जाऊन स्ट्रिप बोटांत हलकेच चुरगळली. चिंधीचा एक कान मागे वळला आणि जबडा थरथरला. मॅडमनी लगेच हात थांबवला.

"काका, तुम्हाला हा आवाज येतो?"

"कुठला?"

 मग त्यांनी सांगितलं की म्हाताऱ्या मांजरांत असं होतं. बारीक, टोकदार आवाजाने फिट येते. चांदीच्या कागदाची चुरचुर, किल्ल्यांचा जुडगा, वाटीवर वाजलेला चमचा. "गंमत म्हणजे अशा मांजरांतली बरीचशी स्वतः कमी ऐकतात. तेवढाच आवाज मात्र आत घुसतो."

म्हणजे मी रोज तिला बरं करायचं औषध काढत होतो आणि काढता काढताच तिला पाडत होतो. घरी येताना स्कूटर मी नगर नाक्याशी बाजूला घेतली आणि बास्केटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं.

३

त्या दिवसापासून मी घर मुकं केलं. स्टीलची भांडी, चमचे, झारे, सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. जेवायला प्लॅस्टिकची ताटली, ढवळायला लाकडी चमचा. किल्ल्यांना सुतळी गुंडाळली. महिन्याच्या गोळ्या कडुबाच्या ओट्यावर बसून स्ट्रिपमधून काढायच्या आणि कापूस घातलेल्या बरणीत भरून घरी न्यायच्या.

"आमच्या घरात पोरं झाली तवा बी येवढं केलं नाय," कडुबा म्हणायचा. तरी तोच पत्र्याच्या गेटला सायकलची ट्यूब बांधून गेला.

मला स्वतःला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, ही खरी अडचण. काय वाजतं आणि काय वाजत नाही ते मला चिंधीच्या कानावरून ओळखावं लागे. तिचा कान वळला की मी हातातली वस्तू ठेवून द्यायचो. असं करत करत घरात वाजणारी एकही गोष्ट उरली नाही, आणि फिट थांबल्या. चिंधी पुन्हा पोटावर येऊन झोपू लागली. तिची घरघर मला ऐकू येत नाही, पण पोटाला कळते. आशा गेल्यापासून त्या घरात मला प्रथमच सुख वाटलं, आणि ते मी नाशिकला तनुजाला, आमच्या मुलीला, व्हिडिओ कॉलवर सांगितलंही.

४

मग एका दुपारी चिंधी माझ्या पोटावरून उठली.

झोपेतून उठतात तशी नाही. तिने आधी मान वर केली, कान स्वयंपाकघराकडे वळवले, शेपटी उभी केली आणि खाली उतरून निघाली. जेवायला हाक मारली की ती अशीच जायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, आत बघितलं आणि तिथेच कोसळली.

मी पडदे ओढले, पाट बाजूला केला, बसून राहिलो. फिट गेल्यावर ती उठली, थोडा वेळ भिंतीला धडकत फिरली आणि मग खाण्यासाठी माझ्या पायाशी घुटमळू लागली. नेहमीसारखंच. मी स्वयंपाकघर तपासलं. ओटा मोकळा, नळ बंद, खिडकीला कडी. वाजावं असं तिथे काही नव्हतं.

औषध असूनही एखादी फिट येते, हे मॅडमनी सांगितलं होतं. मी मनाला तेच सांगितलं. पण दुसऱ्या वेळीही ती तशीच उठली. तिसऱ्या वेळीही. शेपटी उभी, उंबऱ्यापर्यंत आनंदाने, आणि मग धाडकन. मला तिच्या पडण्याची भीती वाटेनाशी झाली. ती ज्या खुशीत जायची, त्याचीच वाटू लागली.

यंत्राच्या माणसाला कारण लागतं. प्रेसवर कोणाचं बोट गेलं तर आम्ही हळहळत बसत नसू, मशीनचा गार्ड, हात अडवणारी जाळी, का उघडा होता ते शोधत असू. मी कारण शोधायला बसलो. मॅडमनी फिटचा व्हिडिओ काढायला सांगितलाच होता. दुपारी मोबाइल चालू करून खुर्चीला टेकवून ठेवायचा आणि वाट बघायची, असं सुरू केलं. फार वाट बघावी लागली नाही.

५

हिमानी मॅडमनी माझा मोबाइल हातात घेतला आणि व्हिडिओ लावला. चिंधी तपासायच्या टेबलावर पसरली होती, माझा हात तिच्या पाठीवर होता. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या आधी शांतपणे बघत होत्या, मग त्यांनी भुवया उंचावल्या आणि मोबाइल कानाजवळ नेला.

"घरात कोण असतं, काका?"

"कोणी नाही. मी आणि ही."

"स्वयंपाकघरात कोणीतरी आहे." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला, जसा काही मला आवाज येणार होता. पडद्यावर मला दिसत होता तो माझाच रिकामा हॉल, उंबरा, आणि मान वर करणारी चिंधी. "वाटीवर चमचा वाजवतंय. टण, टण, टण, मग थांबतंय. परत वाजवतंय. मांजराला खायला बोलावतात ना, तसं."

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या हाताखालची पाठ कडक झाली. चिंधी टेबलावर उठून उभी राहिली, मोबाइलकडे वळली, शेपटी उभी केली आणि पडली. मॅडमनी व्हिडिओ बंद करून मोबाइल खिशात कोंबला. आम्ही दोघांनी तिला टेबलावरून घसरू दिलं नाही, एवढंच.

फिट लांबली. मॅडमना इंजेक्शन द्यावं लागलं. सुई टोचताना त्यांचा हात स्थिर होता, पण नंतर त्या माझ्याशी बोलल्या तेव्हा ओठ नीट जुळत नव्हते. "काका, तो आवाज घरातून घालवा. कोणाचा का असेना. औषध तेवढ्याला पुरणार नाही. ही म्हातारी आहे, अशा चार-दोन मोठ्या फिट ती सोसणार नाही."

६

रो-हाउसची भिंत सामाईक असते. पलीकडे कडुबा राहतो. मी त्याच्याच घरात जाऊन बसलो आणि त्याच्या बायकोचा वाट्या ठेवायचा कप्पा बघितला. तो विरुद्ध भिंतीला निघाला. गच्चीवर गेलो. डिशची तार सैल होती, ती आवळली. टाकीचा पाइप फडक्याने गुंडाळला. शेवटी कडुबालाच म्हणालो, की बाबा, तू दुपारी माझ्याकडे येऊन बस आणि ऐक.

तो बिचारा चांगला आठवडाभर येऊन बसला. पेपर वाचायचा, पेंगायचा. चिंधी दोघांच्या मध्ये झोपायची आणि तिचा कानसुद्धा हलायचा नाही.

"काय बी नाय वाजत, काकासाहेब," तो म्हणाला. "लई शांत घर हाय तुमचं. मला तर इथं झोपच लागते."

ज्या दुपारी त्याला पैठणला जावं लागलं, त्या दुपारी चिंधी उंबऱ्यावर पडली.

"येवढे दिवस बसलो, एकदा तरी वाजायला पाहिजे होतं ना ते," संध्याकाळी कडुबा म्हणाला. त्याने हे हसत म्हणायला सुरुवात केली होती, पण शेवटपर्यंत हसला नाही. मग तो माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "वैनी तर नसतील ना?"

खरं सांगायचं तर हे माझ्या मनात त्याच्या आधी आलं होतं. आणि मला त्याची भीती वाटली नव्हती. उलट बरं वाटलं होतं. आशा तिथे आहे, चिंधीला जेवायला बोलावते आहे, आणि त्या आवाजाने आता चिंधीला काय होतं हे तिला माहीत नाही, एवढंच. तिला कोणीतरी समजावून सांगायला हवं. मी तर एका दुपारी उंबऱ्याशी जाऊन म्हणालोही, "अगं, वाटी वाजवू नको. तिला त्रास होतो."

दुसऱ्या दिवशी चिंधीला लागोपाठ दोनदा फिट आली.

७

तनुजाला मी आडून आडून विचारलं. ती पडद्यावर भाजी निवडत बसली होती.

"काय गं, आई चिंधीला जेवायला कशी बोलवायची?"

"हाक मारायची की. 'चिंधे, ये गं.' का?"

"वाटी वाजवायची नाही?"

तनुजा हातातली भाजी ठेवून हसली. "बाबा, आई? रिकामी वाटी? लहानपणी मी जेवायला बसल्यावर चमच्यानं वाटी वाजवली होती, तर केवढी पाठीत बसली होती माझ्या. रिकामं भांडं वाजवलं की घरात नको ते जेवायला येतं म्हणायची. शेजारचं पोर वाजवत असलं तरी जाऊन हातातून काढून घ्यायची." मग ती कॅमेऱ्याजवळ आली. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं ना, म्हणून माहीत नाही. आईनं जन्मात कधी वाटी वाजवली नाही."

मी हो हो म्हणालो आणि बोलणं दुसरीकडे नेलं. चिंधी माझ्या मांडीवर होती. मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं, इतकं की तिने नख लावलं.

आशा नव्हती. मग उंबऱ्याशी जाऊन मी कोणाशी बोललो होतो?

८

तनुजाने मागे कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. मला त्याचा राग होता. ते लावलं की सगळं जग खरवडल्यासारखं वाटायचं. पण कडुबा जवळ असताना काही वाजत नाही, हे मी पाहिलं होतं. म्हणजे ऐकणारा माणूस घरात असला की ते गप्प बसत होतं. मी मशीन डबीतून काढलं आणि कानात घातलं.

पहिल्या दिवशी मला पाखरं ऐकू आली. स्वतःच्या चपला ऐकू आल्या. चिंधीची घरघर ऐकू आली, आणि मी दिवाणावर बसून रडलो. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. चिंधीला फिट आली नाही.

मग मी मशीन काढेनासा झालो. आंघोळ उरकायची ती कडुबाला ओसरीत बसवून. झोपतानाही कानात. मला ते ऐकायचं होतं असं नाही. मी ऐकतो आहे, हे त्याला कळत राहायला हवं होतं. पाळीवर बसलेल्या माणसासारखा मी त्या घरात कान देऊन बसलो, आणि समोर माझी म्हातारी मांजर अंग चाटत होती, खात होती, उन्हाच्या तुकड्यामागून सरकत होती. हे जमलं, असं मला वाटू लागलं.

कान सुजला. आधी खाज, मग ठणका, मग पू. कानाचे डॉक्टर माझ्यावर उखडले. "चोवीस तास कोण घालतं मशीन? आता ते बंद. कान सुकेपर्यंत लावायचं नाही, नाहीतर आहे तेही जाईल." दुसऱ्या कानाचीही तीच गत होती.

मशीन डबीत गेलं, त्याच दुपारी चिंधीने मान वर केली. मी तिला उचलून छातीशी धरलं, तिच्या कानांवर तळहात दाबले, हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलो. ती माझ्या हातांत धडपडत होती, स्वयंपाकघराकडे जाण्यासाठी. मग हातांतच तिला फिट आली, आणि संपली तशी दुसरी आली. रिक्षाने गारखेड्याला पोहोचेपर्यंत तिचे पाय चालूच होते.

ती वाचली. हिमानी मॅडमनी दोन दिवस तिला ठेवून घेतलं. मी तनुजाला कळवलं आणि ती विश्वजीतला, आमच्या जावयाला घेऊन गाडीने आली. तिला मी एवढंच सांगितलं की इथल्या आवाजांचा चिंधीला त्रास होतो. ती तिला नाशिकला घेऊन गेली. गाडीत ठेवताना मी चिंधीच्या कपाळावर बोट टेकवलं. तिने डोळे मिटले. यापुढे ती मला पडद्यावरच दिसणार होती, आणि तेवढं मला पुरेसं वाटलं.

९

नाशिकला चिंधीला एकही फिट आली नाही. तनुजा रोज दुपारी जेवण झाल्यावर कॉल करायची आणि चिंधीला मांडीवर घेऊन बसायची. मी टेबलावर तांब्याला टेकवून मोबाइल ठेवायचो आणि त्यासमोर बसायचो. स्वयंपाकघर माझ्या पाठीशी असायचं. तनुजा काय काय सांगायची, मी तिचे ओठ बघायचो, आणि मधूनमधून चिंधीकडे.

असाच एक कॉल चालू होता. तनुजा सोसायटीतल्या पाण्याबद्दल काहीतरी बोलत होती. तिच्या मांडीवर चिंधी झोपली होती. बोलता बोलता चिंधीचा कान वळला.

मला आधी कळलंच नाही. मग तिने मान वर केली. तनुजाकडे नाही, मोबाइलकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. तिचे डोळे लख्ख जागे होते. ती उठून उभी राहिली, शेपटी उभी केली आणि जबडा थरथरायला लागला.

"तनू, फोन बंद कर," मी ओरडलो. "बंद कर तो."

तनुजाने चिंधीकडे बघितलं नाही. तिचं बोलणं थांबलं होतं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचे ओठ हलले आणि मी सवयीने वाचले. पहिला शब्द 'कोण' होता. पुढचे शब्द मी वाचले नाहीत. चिंधी तिच्या मांडीवरून घसरत होती, आणि इथून तिकडे जाणारा तो आवाज तोडणं एवढंच माझ्या हातात होतं. मी कॉल कापला आणि मोबाइलचं बटण दाबून तो बंद केला.

पडदा काळा झाला. काळ्या काचेत माझा चेहरा होता आणि चेहऱ्याच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. दारात, ओट्याच्या उंचीहून बरंच खाली, कोणीतरी उकिडवं बसलं होतं. मांजराला भरवताना माणूस बसतो तसं. तोंड दिसत नव्हतं. एक हात दुसऱ्या हातावर खाली-वर होत होता, सावकाश, अगदी न कंटाळता.

मी मागे वळलो नाही. काच टेबलावर पालथी घातली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसलो, कडुबा चहाला हाक मारेपर्यंत.

१०

चिंधी त्या दिवशी वाचली. तनुजाने रात्री मेसेज करून कळवलं. मी तिला फोन करायला मनाई केली आहे. कानाला त्रास होतो म्हणून सांगितलं. आता ती चिंधीचे फोटो पाठवते. खिडकीत बसलेली, ताटलीत तोंड घातलेली. जाडी झाली आहे. फोटो मी पुष्कळ वेळ बघतो.

तिकडे येऊन राहा म्हणून तनुजा सारखी लिहिते. त्या दिवशी काय दिसलं ते तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. घर सोडवत नाही, असं मी कळवतो. खरं कारण वेगळं आहे. मी नाशिकला गेलो आणि ते माझ्यामागून आलं, तर चिंधी मरेल. मी इथे आहे तोवर ते इथे आहे, एवढं मी धरून चाललो आहे.

दुपारी जेवायला बसलो की मला काहीही ऐकू येत नाही. फक्त मानेवरचा घाम गार होतो.

कान केव्हाच सुकला आहे. मशीन लावायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी लावलं की ते थांबतं, हे मला माहीत आहे. पण तेव्हा चिंधी इथे होती आणि बोलावणं तिला होतं. आता घरात जेवणारा मी एकटाच आहे. डबी रोज हातात घेतो आणि परत ठेवतो. मशीन लावलं आणि आवाज थांबला नाही, तर मला उठून उंबऱ्याशी जावं लागेल.